पुलाखाली अर्धं राहिलेलं भांडण

अक्का, तुमच्या शोकसभेत जो उठला त्यानं तुम्हाला 'शांत स्वभावाच्या' म्हटलं. मी मागच्या रांगेत बसले होते आणि उठून ओरडावं असं वाटत होतं. शांत? संध्याकाळच्या गर्दीत दूध कट्ट्यावर उभं राहून माझ्या पत्रकाला 'थापांचं पोतं' म्हणणारी बाई शांत? एक गृहस्थ म्हणाले, अक्का आयुष्यात कुणाला उलट शब्द बोलल्या नाहीत. हा माणूस तुम्हाला एकदाही भेटला नसणार. मग निवेदकानं माझं नाव पुकारलं, "युवा कार्यकर्त्या दोन शब्द बोलतील." माईकपाशी गेले आणि दोन शब्द आले नाहीत. मला! जिच्या हातातला माईक लोकांना काढून घ्यावा लागतो, तिला. श्रद्धांजली वाहायची नव्हतीच मला. भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि तुम्ही मध्येच उठून गेलात.

मध्येच उठून जायची तुम्हाला सवयच होती म्हणा. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा तुमच्या घरचा नेम. जैन घराचा नेम आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण बैठक कधी रंगात यायची? संध्याकाळीच की. मी मुद्द्यावर यायला आणि तुम्ही पदर सावरत उठायला एकच गाठ पडायची. "दिवस चाललाय पोरी. तुझं काय ते उद्या." त्या उद्याच्या जोरावर तुम्ही माझ्याशी झालेला प्रत्येक वाद अर्धा ठेवलात. आता हा शेवटचाही तसाच.

आपली ओळख झाली तीसुद्धा वादानंच. पुलाखालचा आपला कट्टा. संध्याकाळ झाली की सर्जेराव मामा आणि बाकीचे गवळी चरायला नेलेल्या म्हशी परत आणून बांधायचे, गिऱ्हाईक समोर उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाचा पेला हातात. कोल्हापुरात यात नवल काही नाही. नवल होतं ते तुमचं. तुम्ही घरून स्वतःचा पेला आणायच्या, त्यावर पांढरं फडकं ताणून धरायच्या आणि दूध गाळून घ्यायच्या.

मामा दरवेळी चिडवायचे, "अक्का, माझ्या म्हशीवर इश्वास न्हाई व्हय?"

"म्हशीवर हाय की. तुझ्या बादलीवर न्हाई."

सगळा कट्टा हसायचा, मामासुद्धा. आणि मग तुम्ही एक घोट घेऊन वर बघत राहायच्या. बाकी सगळे पेल्यात बघत असताना ही म्हातारी पुलाच्या पोटाकडं काय बघते, म्हणून एकदा मीही वर बघितलं. काँक्रीटच्या सांध्याला धरून पांढऱ्या बारीक नळ्यांची रांग लोंबत होती. उसाच्या रसाला देतात तसली नळी, पण दगडाची. प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब, पडू की नको करत थांबलेला.

"पुलाला सडं फुटल्यात ताई," मामा म्हणाले. "खालनं बी धार, वरनं बी धार. आता पुलाला पेंड चालू करायची."

मी म्हटलं, "असल्या गोष्टी गुहेत असतात. हजारो वर्षं लागतात त्याला."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं वर्गात गाईड वाचणाऱ्या पोराकडं बघत असाल. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेलं, ते निवृत्तीनंतर कुठं जाणार? कट्ट्यावरच तास सुरू झाला. "गुहेतला दगूड म्हातारा असतोय. तिथलं पाणी हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतं, तेव्हा चुना खाली बसतो. हितं उलट. सिमेंटमधला चुना ताजा, तिखट. वर रस्त्यावर पाणी तुंबतं, जायला वाट मिळत न्हाई, मग भेगेत शिरतं आणि चुना घेऊन खाली येतं. थेंब लोंबला की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्यात शिरतो. थेंबाच्या कडेनं चुनखडीचं बारीक कडं धरतं. थेंब पडतो, कडं राहतं. पुढचा थेंब त्याच कड्यातनं येतो आणि आपलं कडं खाली जोडून जातो. म्हणून नळी आतनं पोकळ. आणि म्हणून हिला हजार वर्षं लागत न्हाईत, डोळ्यांदेखत वाढती."

"आणि थेंब भराभर पडला तर?"

"तर नळी धरतच न्हाई. चुना सगळा खाली जमिनीवर. एकेक थेंब दम धरून लोंबला तरच काहीतरी बनतं. तुला न्हाई जमायचं ते."

पाच मिनिटांच्या ओळखीत हे बोललात तुम्ही मला. आणि बघा, मला त्याच दिवशी तुमचा राग आला आणि त्याच दिवसापासून मी रोज कट्ट्यावर यायला लागले. आधी मला दूध आवडतसुद्धा नव्हतं.

मामांच्या हरणी म्हशीचं प्रकरण तुम्हीच सोडवलंत. हरणीच्या पाठीवर केस गेलेले चट्टे पडले होते, कातडी लाल. डॉक्टरचं मलम झालं, कुणी नजर लागली म्हटलं. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, गोंडे लावून हरणीला मिरवायचं मामांचं स्वप्न, आणि येणारंजाणारं विचारतंय, "काय मामा, म्हशीला चाई पडली काय?" तुम्ही हरणीच्या पाठीकडं बघितलंत, मग वर नळ्यांकडं बघितलंत, आणि म्हणालात, "सर्जेराव, हिला जरा पलीकडं बांध." एवढंच. थोड्या दिवसांत पाठीवर केस धरायला लागले. वरून पडणारा थेंब चुन्याचा, अंगाला खाणारा. कट्ट्यावर लावलेल्या गाड्यांचा रंगही त्यानंच उडत होता, पण गाडीवाल्यांनी त्याचं खापर पाखरांवर फोडलं होतं.

मी लगेच म्हटलं, "अक्का, हे छापूया! पुलाचं पाणी जनावरं जाळतंय!"

"एका म्हशीवरनं काय सिद्ध होतंय?"

"अहो डोळ्यांदेखत बरी झाली की!"

"मलम बी चालूच होतं. कशानं बरी झाली ते तुला ठाऊक हाय?"

असल्या बाईशी चळवळ करायची म्हणजे काय ताप, ते शोकसभेत कुणी सांगितलं नाही.

मग नोटीस आली. ज्या ऑफिसच्या ताब्यात पूल, त्या ऑफिसची. 'पुलाखाली जनावरे बांधल्याने त्यांच्या मलमूत्रामुळे पुलाच्या खालच्या पृष्ठभागावर क्षार साचले असून बांधकामास हानी पोहोचत आहे. सबब जागा तात्काळ रिकामी करावी.' मामांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, कारण पहिल्यांदा त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग नोटीस घेऊन आलेल्या शिपायाला त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "पावणं, म्हैस वर मुतती व्हय ओ?"

"मला काय इचारताय? मी सही घ्यायला आलोय."

हसलो आम्ही. पण मामांचं हसू लवकर आटलं. शहरात म्हैस बांधायला जागा उरलीय कुठं? गोठे गेले, मोकळ्या जागांवर अपार्टमेंट झाले. गावाबाहेर जायचं म्हटलं तर धार बघायला तिथं गिऱ्हाईक येणार नाही, आणि डेअरीला दूध घालून कट्ट्याचा भाव मिळत नाही. मामा म्हणाले, "हितनं उठलो की म्हशी इकायच्या. दुसरं काय?" हरणीच्या गळ्याखाली खाजवत म्हणाले. मला ते बघवलं नाही. मी घरी गेले आणि पत्रक लिहिलं.

चांगलं होतं ते पत्रक, अक्का. मी अजून म्हणते. 'हा पूल रडतोय! आज थेंब, उद्या ढिगारा! म्हशींना हाकलून तुमचं पाप झाकणार का?' तुम्ही पर्समधून लाल पेन काढलंत. निवृत्त झालेल्या बाईच्या पर्समध्ये लाल पेन कशाला लागतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

"ढिगारा कशावरनं?"

"लोकांना कळायला."

"लोकांना काय कळायला? जे तुला माहीत न्हाई ते? पांढरं लोंबतंय म्हणजे पाणी झिरपतंय आणि चुना निघून चाललाय, एवढं खरं. तांबूस डाग आला की आतली सळई गंजली म्हणायला जागा. आत किती गंजलंय, पूल पडणार का न्हाई, हे खालनं बघून मला सांगता येत न्हाई. तुला येतं?"

"अक्का, समोरचा धडधडीत खोटं लिहितोय! म्हशीचं मूत उडून छताला लागतंय म्हणतोय! आणि आपण तराजू घेऊन बसायचं?"

"तो खोटं लिहितो म्हणून तर."

म्हणजे काय? हे वाक्य कुणी असं अर्धं टाकतं का? पण तुम्ही टाकलंत, आणि 'ढिगारा' खोडलात, 'रडतोय' खोडलात, 'पाप'ही खोडलात. उरलं काय? म्हैस, पूल आणि माझं नाव.

मग मी हळदीची युक्ती काढली. चुन्याचं पाणी हळदीवर पडलं की लाल होतं, हे तुम्हीच सांगितलेलं. पांढऱ्या कापडाला हळद फासून नळ्यांखाली धरायची, पत्रकारांसमोर लाल डाग पडू द्यायचे. काय दिसलं असतं ते! तुम्ही ऐकून घेतलंत, मान हलवलीत, मला वाटलं जिंकले.

"शिळं मूत बी हळद लाल करतं. साहेबानं दुसरं फडकं खाली शेणामुताच्या जागेवर टेकवून दाखवलं तर काय करशील?"

मी डोकं धरून बसले. मामा म्हणाले, "अक्का, तुमी आमच्या बाजूच्या हाय का साहेबाच्या?"

"मी दुधाच्या बाजूची," तुम्ही म्हणालात आणि पेला पुढं केलात.

आणि मग तुमचा तो प्रस्ताव. तिथंच आपलं तुटलं. तुम्ही म्हणालात, पुलावर पाणी जायला कडेनं भोकं असतात, ती चिखलानं भरलीत. ती आपण मोकळी करायची. पाणी तुंबायचं थांबलं आणि खालचं ठिबकणं थांबलं, तर सगळ्या गावाला दिसेल पाणी कुठनं येतंय. म्हशी जागच्या जागी, फक्त वरचं पाणी बंद. याहून सरळ पुरावा नाही.

मी भडकले. आजही भडकते. भोकं साफ करणं हे काम कुणाचं? ज्यांनी नोटीस काढली त्यांचं. आयुष्यभर त्यांनी ते केलं नाही म्हणून पूल गळतोय, आणि आता आपण फावडं घेऊन त्यांचं काम फुकट करून द्यायचं? वर गळती थांबली की तेच म्हणणार, बघा, पुलाला काही झालेलंच नाही. आपला मुद्दाच कोरडा पडणार. मी म्हटलं, "अक्का, ही समाजसेवा झाली. चळवळ न्हवं."

"तुला पूल नीट व्हायला पाहिजे का मोर्चा पाहिजे?"

"दोन्ही!"

"मग आधी काय?"

आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तुम्ही आभाळाकडं बघितलंत. दिवस चाललाय पोरी. तुझं काय ते उद्या.

उद्या तुम्ही आला नाहीत. तिसऱ्या दिवशी तुमचा भाचा कट्ट्यावर येऊन सांगून गेला, अक्का गेल्या. अक्का, हे काय वागणं झालं? माझ्याकडं उत्तर तयार होतं. रात्रभर घोळवून केलेलं, मुद्देसूद, तुमच्या लाल पेनालाही खोडता येणार नाही असं. ते मी आता कुणाला ऐकवू? मामांना ऐकवलं. मामा म्हणाले, "बरोबर हाय ताई तुमचं," आणि मला रडू आलं. कारण तुम्ही असं म्हणाला नसता. माझं बरोबर असतानाही म्हणाला नसता.

मामांनीच मग फावडं आणलं. "अक्का म्हणल्या हुत्या न्हवं, मग करायचं," एवढाच त्यांचा युक्तिवाद. मी त्यांना परत सगळं समजावलं, जबाबदारी कुणाची, कर कशासाठी भरतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिखलाची पाटी तुमी धरताय का मी धरू?" मी धरली. मनात नसताना धरली, हे नोंदवून ठेवा.

पुलावर ऐन पावसात आम्ही उभे. गाड्या अंगावर पाणी उडवून जात होत्या. एकानं काच खाली करून विचारलं, "काय ताई, निवडणूक आली काय?" भोकांतून काय निघालं म्हणून सांगू. खडी, चिखल, गुटख्याच्या पुड्या, मिरवणुकीतले हार, फटाक्यांचे कागद, एक चप्पल. गावानं पुलावर जे जे केलं ते सगळं तिथं जाऊन बसलेलं. शेवटचा बोळा निघाला आणि साठलेलं पाणी गळ्यात घास अडकल्यासारखा आवाज करत पाइपातून खाली गेलं. मामांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. पण बघत उभी राहिले.

पुढचे दिवस आम्ही वर बघत काढले. पाऊस रोज होता आणि थेंब रोज उशिरा पडत होता. मग एकेका नळीच्या टोकाचा थेंब लोंबायचाच बंद झाला. एका कोपऱ्यात अजून ठिबकतं, ते का ते मला माहीत नाही. तुम्ही असता तर आधी तिथंच बोट ठेवलं असतंत, म्हणून मी सगळ्यांना आधी तेच सांगते. हे तुमचं काय होऊन बसलंय माझ्यात, अक्का? परवा नवं पत्रक छापायला दिलं तर छापखानेवाले काका म्हणाले, "ताई, अर्धं पान मोकळंच सोडायचं?" जे माहीत आहे तेवढंच लिहिलं तर तेवढंच भरतं. आधी माझ्या पत्रकाला पान पुरायचं नाही. याबद्दल तुमचे आभार मानायचेत आणि तुम्हाला शिव्याही द्यायच्यात. आभार राहूनच गेले, कारण भांडण मिटल्यावर मानू असं मी ठरवलं होतं.

काल नोटीस काढणारे साहेब पाहणीला आले. डोक्यावर हेल्मेट, मागं तो शिपाई. कट्ट्यावर सगळं गाव जमलेलं. सकाळपासून पाऊस आणि पुलाचं पोट एक कोपरा सोडला तर कोरडं. मी सांगितलं, भोकं आम्ही साफ केली. म्हशी तिथंच आहेत, शेण तिथंच आहे, मूत तिथंच आहे. थांबलं ते फक्त वरचं पाणी, आणि त्याबरोबर हे ठिबकणं. या कोपऱ्यात अजून गळतंय, ते तुम्ही शोधा.

साहेबांनी वर बघितलं, खाली हरणीकडं बघितलं, परत वर बघितलं. मामा तोंडाला टॉवेल लावून उभे होते. हसू दाबत होते का काय, मला दिसलं नाही. साहेब म्हणाले, "ठीक आहे. म्हशींमुळं नाही, समजा." मग चष्मा पुसत पुसत म्हणाले, "म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणं पुलात पाणी मुरतंय. पूल धोक्यात आहे. बरोबर? मग तर सगळ्यांना इथनं आजच हलवायला पाहिजे."

अक्का, हा सापळा होता. मागून कट्टा ओरडायला लागला. "सांगा की ताई! पडणारच हाय पूल! ह्यांच्या डोक्यात पडणार!" त्यांना कळत नव्हतं. पडणार म्हटलं असतं तर मामांच्या म्हशी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर. पडत नाही म्हटलं असतं तर साहेब खुशीत चहा पिऊन परत, आणि भोकं पुन्हा चपलांनी भरायला मोकळी. तो 'ढिगारा' छापला असता, तर साहेबांनी खिशातून काढून माझ्याच हातात दिला असता. तो खोटं लिहितो म्हणून तर. तुम्ही अर्धं टाकलेलं वाक्य मला तिथं, साहेबांसमोर, पावसात, पूर्ण कळलं. थोडं आधी कळवलं असतंत तर बिघडलं असतं काय?

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

साहेब म्हणाले, "काय?"

"पूल धोक्यात आहे का नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. खालनं बघून कुणालाच सांगता येत नाही. यंत्रं लावून तपासा, काय निघालं ते लेखी द्या. धोका निघाला तर आम्ही स्वतः म्हशी सोडू. तोपर्यंत तुमच्या नोटिशीतलं कारण खोटं आहे, ती मागं घ्या, आणि तेही लेखी."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग शिपायाला म्हणाले, "लिहून घ्या." शिपायानं लिहून घेतलं. तपासणीला माणसं येतील म्हणाले, तोपर्यंत कुणाला हलवायचं नाही. मामांनी जागच्या जागी हरणीच्या पाठीवर थाप मारली.

आणि कट्टा? जिंकलो म्हणून कट्ट्यानं मला खांद्यावर घेतलं असं वाटत असेल तुम्हाला. सगळे माझ्याकडं बघत होते, अक्का. 'माहीत न्हाई म्हणायला हिला पुढं केली व्हय?' अशा नजरेनं. एकानं तर बोलूनही दाखवलं, "ताई, तुमी आमच्या बाजूच्या हाय का साहेबाच्या?" मी तुमच्याकडं अशीच बघायचे, रोज, त्या पेल्यापलीकडून. किती एकटं वाटतं हो ते. तुम्ही कधी बोलला नाहीत.

मी त्याच्याकडं वळले, पदर खोचला आणि म्हटलं, "हिकडं ये. तुला एकदा नीट समजावून सांगते," आणि दिवस मावळून गेला तरी आम्ही भांडत होतो.